ज्वारी चार

बंदुकीला हरभऱ्याचं नाव देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सोनाजी मिस्त्री. वरवट बकालला बाजाराच्या टोकाशी, एका बाभळीखाली त्यांचं दुकान होतं. पुढे टिनाचं छप्पर, मध्ये ऐरण, मागे भट्टी आणि भाता. भिंतीच्या खुंट्यांवर ठासणीच्या बंदुका टांगलेल्या, आणि त्यांच्याच शेजारी कांद्याच्या वेण्या, दोरखंड, मिस्त्रीणबाईंची चाळणी. बंदुकीचा म्हणून काही वेगळा रुबाब त्या घरात नव्हता.

महाराष्ट्र नुकता झाला होता. शस्त्रांचा नवा कायदा आला होता आणि तालुक्यातल्या प्रत्येक बंदुकीची नव्याने नोंद करायची होती. मी जळगाव जामोदच्या तहसिलीत परवान्यांच्या टेबलावर होतो. तक्त्यात बंदुकीसाठी दोन रकाने होते, बनावट आणि क्रमांक. मोठ्या लोकांच्या विलायती बंदुका झटपट उरकल्या. मग सातपुड्याच्या पायथ्याची गावं लागली आणि माझं काम अडखळलं. एक शेतकरी बंदूक पुढे करून म्हणाला, "भुईमूग सात." त्याच्या मागचा म्हणाला, "तूर सात."

"दोघांचा नंबर सात कसा?" मी विचारलं.

"भुईमूग येगळा, तूर येगळी," पहिला म्हणाला. "तुमी कोनत्या गावचे हो बाबू?"

नळी उलटी करून पाहिली, तर बुडाशी खरोखरच देवनागरीत ठसे उमटवलेले होते. मी तक्ता बाजूला ठेवला आणि कारागिराकडेच जायचं ठरवलं.

सोनाजी तेव्हा पन्नाशीच्या पुढचे असतील. अंगाने वाळके, मनगटं मात्र जाडजूड. एक डोळा कायम किंचित मिटलेला, जणू समोरच्या प्रत्येक गोष्टीची सरळ रेघ तपासताहेत. मी नमस्कार करून बसलो, तेव्हा ते एक नळी दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून तिच्यातून बघत होते. बराच वेळ बघितलं. मग नळी मला दिली. "पाहा. आभाळ गोल दिसलं पाह्यजे. चपटं दिसलं त नळी वाकडी."

ही त्यांची सवयच होती. कुठलीही पोकळ वस्तू हाती आली की ती डोळ्याला लागायची. सायकलचा दांडा, पंपाचा पाइप, एवढंच काय, स्वयंपाकघरातली फुंकणीसुद्धा. मिस्त्रीणबाई ओरडायच्या, "द्या इकडे! चूल फुकाची हाय तिनं, हरन नाही मारायचं!" सोनाजी फुंकणीतून बघत शांतपणे म्हणायचे, "वाकडी हाय. म्हनूनच तुह्या चुलीत धूर होते."

नावांची पद्धत त्यांच्या वडिलांची. इंग्रजांच्या अमदानीत त्यांनी परवाना मिळवला आणि पीक राखायच्या बंदुका करायला घेतल्या. त्या भागात बंदूक घ्यायची ती रानडुकरांसाठी, हरणांसाठी, रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी. म्हाताऱ्याने विचार केला की जनावर तर आज येतं, उद्या दुसरीकडे जातं. शेतात उभं राहतं ते पीक. म्हणून बंदुकीचं नाव पिकावर. त्या नावात घडणही आली. 'ज्वारी' लांब नळीची, कारण ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते आणि राखण करणारा उंच माळ्यावर बसून बार काढतो. 'भुईमूग' आखूड आणि जड. डुक्कर जमिनीशी मुसंडी मारून वेल उकरतं, तेव्हा झोपडीच्या दारातून चटकन वळता आलं पाहिजे. 'हरभरा' सगळ्यांत हलकी, थंडीत घोंगडीखालून एका हाताने उचलता येईल अशी. म्हातारी माणसं तीच मागायची. आणि 'तूर' नुसत्या आवाजाची. रोह्याला गाय मानून लोक त्याच्यावर गोळी चालवत नसत, भेव दाखवत. तुरीच्या नळीत छर्रे भरलेच, तर ते धड जातच नसत. तशी ती मुद्दाम केलेली होती.

नंबर प्रत्येक पिकाचा वेगळा, आणि सुरुवात दोनपासून. एक नंबर कुणालाच मिळत नसे. नवं नाव पाडलं की ऐरणीवर नारळ फोडायचा, एक नंबर मारुतीला ठेवायचा आणि पहिल्या बंदुकीवर दोनचा ठसा मारायचा.

यावरून एकदा गंमत झाली. डोंगराकडच्या एका गावचे मोठे पाटील जीपमधून दुकानाशी उतरले. मी तिथेच होतो. पाटलांनी बसायच्या आधीच सांगितलं, "मिस्त्री, आमच्या बंदुकीवर 'वाघ' असं नाव टाका."

सोनाजींनी कानस खाली ठेवली. "वाघ पिकते काय पाटील, तुमच्या वावरात?"

दुकानाबाहेर उभे असलेले दोघे-तिघे खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून उभे राहिले. पाटील वरमले, पण हटले नाहीत. "बरं, नाव तुमचं. पन नंबर एक पाह्यजे. आमचं घर गावात एक नंबर हाय."

"एक मारुतीचा हाय."

"मारुती काय शिकारीले जाते काय बे?"

"थो जात नाही, म्हनूनच त्याच्यापाशी ठेवला," सोनाजी म्हणाले. "माहा बाप म्हने, एक नंबरवाल्याले वाटते आपल्यापुढं कोनी नाही. हातात बंदूक असताना तसं वाटलं नाही पाह्यजे."

पाटील शेवटी 'भुईमूग अकरा' घेऊन गेले. पुढे बाजारच्या दिवशी त्यांनाच कुणालातरी अभिमानाने सांगताना मी ऐकलं, "आपली भुईमूग अकरा हाय. मिस्त्रीच्या हातची."

सोनाजींची आणखी एक रीत गिऱ्हाइकांना वैताग आणायची. बंदूक तयार झाली तरी ते लगेच देत नसत. आधी त्या माणसाच्या वावरात जायचे. पायी, खांद्यावर रिकामी पिशवी. तिथे माळ्यावर चढून बसायचे आणि चारी दिशा बघायचे. रस्ता कुठे, विहीर कुठे, शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माणसं जातात का. एकाचा माळा नेमका पायवाटेकडे तोंड करून होता. सोनाजी म्हणाले, "माळा फिरवा, मंग बंदूक न्या." तो चिडला. "मिस्त्री, तुमी बंदूक विकता का वावर मोजता?" माळा फिरला, तेव्हाच बंदूक गेली.

मला आधी वाटलं, हीही वडिलांचीच रीत. तशी नव्हती. ती सोनाजींची स्वतःची होती, आणि 'ज्वारी चार' नंतरची होती.

नोंदणीचा शेवटचा टप्पा म्हणून गावच्या चावडीत नायब तहसीलदार साहेब येऊन बसले. नागपूरकडचे, शिस्तीचे, पण हसऱ्या चेहऱ्याचे. मी जुन्या कागदांवरून एकेक क्रमांक वाचत होतो आणि सोनाजी ती बंदूक सध्या कुणाकडे आहे ते सांगत होते.

"ज्वारी एक?"

"मारुतीची. बनवलीच नाही, साहेब."

साहेब हसले. "देवाला परवाना लागतो की नाही, ते नियमात दिलेलं नाही. बनवली नाही, असं लिहा. पुढे."

दोन आणि तीन झाले. मग चार आला. जुन्या कागदावर चारपुढे शेरा होता: अपघाताच्या प्रकरणात जप्त, नंतर मोडण्यासाठी कारागिराच्या ताब्यात.

"मोडली का?" साहेबांनी विचारलं.

"मोडली."

"नळी कुठे आहे?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. सोनाजी खाली बघत राहिले. साहेबांचा चेहरा बदलला. मोडायला दिलेल्या बंदुकीची नळी सापडत नाही, याचा सरळ अर्थ ती कुणाला तरी चोरून विकली, असाच कुठल्याही अधिकाऱ्याने घेतला असता. त्यांनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. नळी किंवा तिचे तुकडे समोर आले नाहीत, तर कारखान्याचा परवाना पुढे चालू राहणार नाही. सोनाजींना दुसरा धंदा येत नव्हता, आणि त्या भट्टीवर दोन लेकांचे संसार चालत होते.

मी चावडीतून त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत गेलो. मागोमाग गावचा कोतवालही आला. तो जुना स्नेही. त्याने कोपऱ्यातल्या भंगाराकडे बोट केलं. तिथे एक फुटकी, गंजलेली नळी पडली होती. मी अजून दाराशीच होतो, त्याचं त्याने भानही ठेवलं नाही.

"सोनाजी, काऊन डोक्स्याले ताप करून राह्यला? ते नळी घे. 'ज्वारी चार' ठोक. दोन तुकडे कर अन् नेऊन टाक साहेबापुढं. ठसे तुहे, हात तुहा. कोन ओळखते?"

"खरंच सांगून राह्यले ते," मिस्त्रीणबाई आतून म्हणाल्या. "चार आकडा त हाय. लोखंडाले काय समजते?"

ठशांची लाकडी पेटी ऐरणीशेजारीच होती. सोनाजींनी ती उघडली, चारचा ठसा काढून बोटांत फिरवला आणि परत जागेवर ठेवला.

"चार एकच हाय," ते म्हणाले. "हा चार म्हटला, त मंग त्या चारले काय म्हनू?"

कोतवाल कपाळावर हात मारून निघून गेला. मी दाराशी थांबलो होतो. सोनाजींनी मला पाट दिला आणि तिथे, भात्याला पाठ टेकून, त्यांनी ती हकिकत सांगितली.

'ज्वारी चार' त्यांनी तरुणपणी घडवली होती. ती गेली पुंडलिक आणि नामदेव या दोन भावांच्या वावरात. दोघे पाळीपाळीने राखण करत. एका तिन्हीसांजेला नामदेव माळ्यावर होता. खाली ज्वारी हलली. त्याला डुक्कर वाटलं. भाकर द्यायला मधल्या वाटेने पुंडलिक येत होता. बार त्याला लागला आणि तो जागीच गेला. कोर्टात अपघात ठरला, नामदेव सुटला. घरी मात्र त्याची सुटका झाली नाही. पुंडलिकची बायको रुखमाबाई त्याच घरात राहिली, दिराशी एक शब्द बोलली नाही. तोही मान वर करून बोलला नाही. स्वयंपाक व्हायचा, ताट सरकवलं जायचं, जेवण व्हायचं. बस. एवढंच.

बंदूक मोडायला सोनाजींकडे आली. वडिलांचा नेम असा होता की माणसावर गेलेल्या बंदुकीचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, आणि तिचं लोखंड बंदुकीच्या कामी लावायचं नाही. सोनाजींनी घोडा आणि चाप वितळवले. नळी हातात राहिली. ती त्यांनी नेहमीसारखी डोळ्याला लावली.

"आभाळ गोल दिसे," ते मला म्हणाले. "वाकडी असती त बरं झालं असतं, बाबू. माह्या हातची सगळ्यात सरळ नळी होती थे."

त्या साली पेरणी आली, तेव्हा त्यांच्या मनात आलं. तिफणीला तीन नळे असतात. वर लाकडी चाडं, त्यात बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून खाली मातीत पडतं. नळे बांबूचेच असतात. सोनाजींनी बुडाचा स्क्रू काढला, बार पेटवायचं छिद्र पितळेने बुजवलं, नळी दोन्हीकडून उघडी केली आणि त्या भावांच्या तिफणीला मधला नळा म्हणून बसवली. नंबर घासला नाही. तो तसाच राहू दिला.

"तिफन एकट्यानं चालत नाही," सोनाजी म्हणाले. "एकानं बैल हाकलाचे, एकीनं चाड्यावर मूठ धराची. नामदेव पुढं, रुखमाबाई मांगं. पेरनीच्या पहिल्या रेघेले बी अटकलं, तवा थे बोलली. 'थांबा' म्हने. एवढंच. पन बोलली."

मी विचारलं, हे साहेबांना सांगायला काय हरकत आहे? लोखंड पेरणीला लागलं, यात लपवण्यासारखं काय?

"नळी थे नळीच, साहेब म्हनतीन. जप्त करतीन. पेरनी तोंडावर आली. अन् चावडीत बयान होईन. नामदेव, बार तूच काढला काय. बाई, तुहा मालक कुठं पडला होता. सारं गाव ऐकीन. ते दोघं एका तिफनीमांगं चालून राह्यले, बाबू. मधात मी काऊन जाऊ?"

मग उठून त्यांनी भाता ओढायला घेतला. "तुमी कारकून हा. तुमाले जे लिहाचं ते लिहा. पन बाजारापर्यंत त्या दारात कोनाले जाऊ देऊ नोका."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चावडीत चार नंबरवरून मिस्त्रीचा परवाना जातो, ही बातमी त्याच दिवशी घरोघरी पोचली होती, आणि गावात एक घर असं होतं, जिथे चार नंबर म्हणजे काय ते कुणी समजावून द्यायला नको होतं.

बाजारचा दिवस आला. साहेब चावडीत बसले. सोनाजी धुतलेला सदरा घालून, हात बांधून समोर उभे. साहेबांनी विचारलं, "काय मिस्त्री, आणली?"

"नाही, साहेब."

"मग तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

तेवढ्यात बाजाराकडून गर्दी बाजूला होऊ लागली. एक उंच, वाकलेला माणूस खांद्यावर अख्खी तिफण घेऊन येत होता. त्याच्या दोन पावलं पुढे एक बाई, डोक्यावर पदर घट्ट. बैल नसलेली तिफण भर बाजारातून आलेली पाहून पोरंसोरं मागे लागली होती. बाई चावडीच्या पायरीशी थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "ठेवा खाली."

नामदेवने तिफण साहेबांच्या टेबलापुढे टेकवली. रुखमाबाईंनी मधल्या नळ्यावरची वाळलेली माती पदराने पुसली.

"हे घ्या तुमचं चार नंबर," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीनं इकलं नाही. माह्या घरी हाय."

साहेबांनी वाकून ठसा वाचला. मग त्या बाईकडे पाहिलं, मग मान खाली घातलेल्या नामदेवकडे, मग माझ्यासमोरच्या जुन्या कागदावरच्या शेऱ्याकडे. अपघाताच्या प्रकरणात. ते काही विचारणार होते. रुखमाबाईंनी त्यांना विचारू दिलं नाही.

"ज्यानं वावर पेरलं, घर चालवलं, त्यानंच आनली," त्या म्हणाल्या. "आता काय लिहाचं थे लिहा. पन तिफन आज परत पाह्यजे. बी काढून ठेवलं हाय."

साहेबांनी सोनाजींना जवळ बोलावून विचारलं, "हिच्यातून बार निघेल का?"

"बूड नाही तिले, साहेब. इकडून टाकलं का तिकडून पडते."

साहेबांनी चष्मा काढला, वाकून नळीतून पाहिलं. पलीकडे चावडीची फरशी दिसली असणार. ते सरळ झाले आणि मला म्हणाले, "लिहा. ज्वारी चार. मोडली. लोखंड शेतीच्या अवजाराला लावलं. समक्ष पाहिलं." सही करताना हळूच पुटपुटले, "नाही तरी, ज्वारीसाठीच ती केली होती की."

सोनाजींचा परवाना राहिला. नव्या नियमाने मात्र पुढच्या बंदुकांना सरळ चढता क्रमांक आला. पिकाच्या नावाला तक्त्यात रकाना नव्हता. त्यांनी नियम पाळला. तरी गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "काय पेरता?" आणि त्यावरून नळीची लांबी ठरवायचे. काही वर्षांत काडतुसाच्या बंदुका आल्या, शेगावच्या बाजूने ट्रकने तयार माल येऊ लागला आणि बाभळीखालची भट्टी दुरुस्तीपुरती उरली. ते त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. फुंकणी मात्र शेवटपर्यंत तपासत राहिले.

माझी बदली झाली, त्या उन्हाळ्याअखेरीस सोनाजी मला शेवटचे दिसले. सामान आधीच गेलं होतं आणि मी गावाबाहेर रस्त्यावर मोटारीची वाट बघत होतो. जमीन नांगरून, तापून तयार होती. रस्त्याच्या कडेला नामदेवचं वावर. धुऱ्यावर बैल जुंपलेले उभे, तिफण उलटी पडलेली. मधल्या नळ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. सोनाजी बंदूक ठासायचा जुना गज घेऊन आले होते आणि नळा तिफणीतून काढून त्यातली माती झटकत होते.

मग त्यांनी तो दोन्ही हातांनी आभाळाकडे धरला. बघितलं. नेहमीपेक्षा थोडा जास्तच वेळ बघितलं. आणि डोळ्यावरून काढून नामदेवपुढे केला.

नामदेव मागे सरकला. त्या तिन्हीसांजेनंतर त्याने बंदुकीला हात लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिफण खांद्यावर वाहून आणली होती, तीही लाकडाला धरून.

"घे," सोनाजी म्हणाले. "पाह्य, मोकळी झाली का."

त्याने बैलांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग हात पुसून नळी घेतली. ती जड असल्यासारखी हळूहळू वर नेली आणि एक डोळा मिटला. सोनाजी बाजूला, हात मागे बांधून उभे होते.

"दिसते काय?"

"दिसते," नामदेव म्हणाला.

"काय दिसते?"

"आभाळ."

चाड्यापाशी बियांची ओटी धरून रुखमाबाई उभ्या होत्या. "मंग बसवा लवकर," त्या म्हणाल्या. "बैल उभे हायेत."